डगीने बांधलेले लेबल

माझ्या शेजारच्या अरुंद कपाटात, निळ्या औषधाच्या बाटलीमागे, एक पत्र जवळजवळ सहा वर्षे पडून होते. पत्र माझ्या नावाने आलेले नव्हते. मला कोण पत्र लिहिणार? पण ते माझ्याविषयी होते, आणि त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होते. ज्याने उत्तर लिहायचे तो माणूस अधूनमधून यायचा, कपाट उघडायचा, पाकिटाकडे बघायचा आणि कपाट पुन्हा लावून टाकायचा. मी गप्प असे. मला तोंड आहे, मित्रांनो, पण ते बोलण्यासाठी नाही.

मी एका जुन्या कॅरव्हॅनमधला संडास आहे. हसू आले तर हसून घ्या, मला सवय आहे. आपली कहाणी सांगावी की नाही, याविषयी मी पुष्कळ दिवस घुटमळलो. घोड्याने सांगितली तर शोभते, एखाद्या जुन्या वाद्याने सांगितली तरी शोभते. माझे कोण ऐकणार, आणि का ऐकावे, असे अजूनही वाटते. पण माझ्या पोटात राहिलेल्या लिटरभर पाण्यामुळे एका भल्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. ते कुणीतरी सांगायला हवे, आणि पाहिलेले दुसरे कुणी नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात ओतून मला पांढराशुभ्र घडवले. वर बैठक, तिच्या तळाशी रबरी कडेची सरकती झडप, आणि झडपेखाली, बाहेरच्या बाजूने ओढून काढता येईल अशी मैल्याची टाकी. पाठीमागे स्वच्छ पाण्याची छोटी टाकी आणि एक चिमुकला पंप. त्या टाकीत पाणी भरायचे ते कॅरव्हॅनच्या बाहेरच्या भिंतीतले झाकण उघडून, तिथल्या नरसाळ्यातून. बटण दाबले की पंप गुरगुरतो आणि बैठकीत पाणी येते. माझे सगळे शरीर एवढेच.

कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांचे घर. आमचे घर उत्तर इंग्लंडमधल्या वेअरडेल खोऱ्यातल्या स्टॅनहोप गावच्या नेव्हिल एमर्सन आणि त्याची बायको ऑड्री यांनी घेतले. नेव्हिल वाचनालयात ग्रंथपाल होता. उंच, वाकलेला, दारातून आत येतानासुद्धा माफी मागितल्यासारखा येणारा. ऑड्री प्रार्थनामंदिराच्या गायनमंडळात गायची आणि घरातले बोलायचे काम बहुतेक तीच करायची.

उन्हाळ्याचे ते दिवस आठवले की मला अजून बरे वाटते. समुद्रकाठची कुरणे, डोंगरातली तळी, पत्र्यावर पडणारा बारीक पाऊस, आणि पहाटे अनवाणी पायांनी येणारी ऑड्री. एकदा शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या बाईंना ती म्हणाली, "नवऱ्याशिवाय चार दिवस काढीन, पण याच्याशिवाय नाही." याच्याशिवाय म्हणजे माझ्याशिवाय. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझी उघड स्तुती झाली ती एवढीच. ती मी जपून ठेवली आहे.

हिवाळा मात्र माझा शत्रू. आमच्या खोऱ्यात नोव्हेंबरपासून हाडे गोठवणारी थंडी पडते. पाणी गोठले की फुगते, आणि फुगायला जागा नसली की ज्यात असेल ते फोडते. म्हणून थंडीच्या आधी मला पूर्ण कोरडे करावे लागते. हे काम नेव्हिलचे नव्हते. ते ऑड्रीच्या थोरल्या भावाचे होते.

त्याचे नाव डगी रेन. संडरलंडच्या गोदीत त्याने चाळीस वर्षे जहाजांचे पाईप जोडले होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तो हत्यारांची पेटी घेऊन यायचा, आणि तो आला हे मला त्याच्या शिट्टीवरून कळायचे.

"काय पुस्तकराव," तो नेव्हिलला म्हणायचा, "पानं उलटून दमला असाल. सरका जरा, पेशंट बघू द्या."

"मी मार्गदर्शक पुस्तिका काढून ठेवली आहे," नेव्हिल म्हणायचा.

"छान. ती पंपाला वाचून दाखव. लाजून आपोआप सुकेल तो."

"डगी, बूट बाहेर," ऑड्री घरातून ओरडायची.

"बाहेरच आहेत. पाय तेवढे आत आहेत. चहा टाक गं."

मग तो गुडघ्यांवर बसायचा आणि कामाला लागला की गप्प व्हायचा. मागच्या टाकीचे पाणी नळीने खाली सोडायचा. मैल्याची टाकी काढून धुवायचा, झाकण न लावता उपडी ठेवायचा. झडपेच्या रबरी कडेला बोटाने तेल चोळायचा, म्हणजे थंडीत ती चिकटून बसत नाही, आणि झडप अर्धी उघडी ठेवायचा. सगळ्यात शेवटी बटण दाबून धरायचा आणि माझ्या पाठीला कान लावायचा.

"ऐक," तो नेव्हिलला म्हणायचा. "आत्ता गुरगुरतोय ना, म्हणजे पाणी आहे. थांब. थांब जरा. हं, आता शिट्टी वाजवली बघ. शिट्टी आली की समज पोट रिकामं."

नेव्हिलही वाकून कान लावायचा. दोन म्हातारे माझ्या पाठीला कान लावून बसलेले, आणि मी शिट्टी वाजवतोय. मला तेव्हा आपण फार मोठे आहोत असे वाटायचे.

काम झाले की डगी खिशातून तपकिरी पुठ्ठ्याचे लेबल काढायचा, सामानाला बांधतात तसले. पेन्सिलीने त्यावर लिहायचा आणि माझ्या झडपेच्या दांड्याला दोरीने बांधायचा. ही गोदीची रीत. तिथे एखादी झडप बंद करून माणूस पाईपाच्या आत काम करायला गेला, तर तो त्या झडपेवर आपल्या नावाचे लेबल बांधून जातो. ज्याने बांधले त्यानेच ते सोडायचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, साहेबानेसुद्धा.

"का?" नेव्हिलने पहिल्या वर्षी विचारले होते.

"कारण मी आत असताना तू वाफ सोडलीस, तर तुझ्या बायकोला भाऊ राहणार नाही."

"पण इथे आत कुणी नाही."

"सवय आहे बाबा. माझं नाव आहे त्यावर. ईस्टरला मीच येऊन सोडीन. तोवर समज, मी आतच आहे."

मग तिघे घरात जाऊन हॅम आणि वाटाण्याचे पिठले खायचे. पिठले डगी संडरलंडहून डब्यातून आणायचा, कारण इथले त्याला पातळ वाटायचे.

आता त्या वर्षाचे सांगतो. सांगताना अजून मन कचरते.

सहा नोव्हेंबरला डगीने मला कोरडे केले. शिट्टी आली. त्याच्या पेन्सिलीचे टोक मोडले म्हणून त्याने दातांनी लाकूड कुरतडून ते पुन्हा काढले, लेबल लिहिले आणि एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधले. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, एका गुरुवारी दुपारी, ऑड्रीच्या गायनमंडळाची नाताळची तालीम घरी भरली. बारा बायका, केकची ताटे आणि पियानो. नेव्हिल घोंगडी, गरम पाण्याची पिशवी आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन अंगणात उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये येऊन बसला. आमच्याकडचे पुष्कळ म्हातारे असे करतात. प्रवासाला न जाता घराच्या दारात कॅरव्हॅनमध्ये बसून वाचतात, आणि त्यांना सुट्टीवर गेल्यासारखे वाटते.

पुस्तक उत्तरेकडच्या कालव्यांच्या इतिहासाचे होते. नेव्हिल त्यात पार बुडाला. दीड तासाने त्याला मोकळे व्हायची गरज वाटू लागली. घरातले न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि जिना बसायच्या खोलीतून. म्हणजे बारा बायकांमधून चालत जायचे, सगळ्यांनी गाणे थांबवून हसून बघायचे, आणि आपण कशासाठी वर चाललो आहोत हे सगळ्यांना कळायचे. नेव्हिलने आणखी अर्धा तास काढला. मग तो पुस्तक हातात धरूनच माझ्याकडे आला.

पुढचे सगळे त्याने अतिशय नियमाने केले. हेच तर दुःख आहे. दुसऱ्या कुणी वरून तांब्याभर पाणी ओतून वेळ मारून नेली असती. पण पुस्तिकेत लिहिले होते की पाणी नरसाळ्यातूनच भरावे. मैल्याची टाकी बाहेरून जागेवर बसवून तो पुन्हा आत आला. पाण्याचा मोठा जग घेऊन अंगणातल्या नळावर जायचे होते, आणि पुस्तकातले पान हरवू द्यायचे नव्हते. खूण घालायला काही सापडेना. त्याचे डोळे अजून ओळींवरच होते. हात नुसता चाचपडत गेला, दांड्याला लटकलेला पुठ्ठा हाताला लागला, त्याने ओढला. गाठ एका ओढीत सुटली. लेबल पान दोनशे बारावर गेले आणि पुस्तक मिटले.

त्याने नरसाळ्यातून जग रिकामा केला, काम झाल्यावर बटण एकदा दाबले. दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाही असे पाहून मैल्याची टाकी धुऊन ठेवली, आणि त्या प्रसंगाची लाज वाटून तो प्रसंग मनातून पुसून टाकला. मागच्या टाकीत लिटरभर पाणी तसेच राहिले.

त्याच आठवड्यात बर्फ पडायला लागले. आधी पंपातले पाणी गोठले, मग नळीतले, मग टाकीतले. ते कसे असते हे मला नीट सांगता येणार नाही. कुणी मारत नाही, कुणी ओढत नाही. आपल्याच पोटात आपण धरून ठेवलेली एक गोष्ट हळूहळू मोठी होत जाते, आणि कुणाला सांगता येत नाही. अकराव्या दिवशी माझ्या टाकीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. आवाज फार मोठा झाला नाही. घरात ऑड्री गाण्याच्या ओळी घोकत होती, तिला ऐकू गेला नाही.

ईस्टरच्या शनिवारी डगी आला.

"उठा पेशंट, सुट्टी संपली," असे म्हणत तो आत शिरला, आणि थबकला. दांड्याला लेबल नव्हते. त्याने खाली वाकून पाहिले, माझ्या मागे हात घालून पाहिले, कपाट उघडून पाहिले.

"पुस्तकराव, लेबल कुठंय?"

"मी हात लावला नाही," नेव्हिल म्हणाला. आणि मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच आठवत नव्हते.

"मी बांधलं होतं."

"बांधलं असतंस तर असतं."

डगी बाहेर गेला आणि नरसाळ्यातून पाणी भरू लागला. भरलेले सगळे पाणी माझ्या चिरेतून जमिनीवर आले, गालिचा भिजला, लाकूड फुगले. नेव्हिल गुडघ्यांवर बसून टॉवेलाने पाणी टिपत होता. एरवी ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही, अशा माणसाला राग आला की त्याला माप राहत नाही.

"डगी, चूक होते माणसाकडून. तू केलंच नसशील यंदा. केलं असं वाटलं असेल तुला. आईंचंही शेवटी असंच..."

"नेव्हिल," ऑड्री दारातून म्हणाली.

तो थांबला, पण बोलू नये ते बोलून झाले होते. ऑड्रीची आणि डगीची आई म्हातारपणी न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगायची. शेवटी शेवटी ती मुलांनाही ओळखत नव्हती.

डगीने हात पुसले. "मी शिट्टी ऐकली होती," तो म्हणाला, पण नेव्हिलला नाही, माझ्याकडे बघून म्हणाला. मग हत्यारांची पेटी उचलून तो गेला. पिठल्याचा डबा ओट्यावर तसाच राहिला.

मला दुरुस्त करायला आलेला कारागीर जाता जाता म्हणाला, "यात पाणी होतं साहेब. लिटरभर तरी. कोरडा केलेला असा फुटत नाही." तो खरे तेच बोलला. पण त्याच्या बोलण्याने डगीवरचा आरोप पक्का झाला.

आणि दहा दिवसांनी ते पत्र आले. ऑड्रीने ते कॅरव्हॅनमध्ये आणून नेव्हिलच्या हातात दिले.

"काय म्हणतो?"

"काही नाही. संडासाचंच आहे. लिहीन मी त्याला."

ती गेल्यावर नेव्हिलने पत्र दोनदा वाचले, दुसऱ्यांदा हलक्या आवाजात. त्यात लिहिले होते:

"नेव्हिल, मी रागाने लिहीत नाही. मला लेबल बांधल्याचं आठवतंय. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं ते आठवतंय, गाठ आठवतेय, पंपाची शिट्टी आठवतेय. तू म्हणतोस लेबल नव्हतंच. मग मला आठवतंय ते काय आहे? आईला अशाच गोष्टी लख्ख आठवायच्या. शोधण्यात तुझा हात धरणारा माणूस मला माहीत नाही, म्हणून तुलाच विचारतो. एकदा नीट शोध आणि कळव. सापडलं नाही तरी कळव. डगी."

नेव्हिलने शोधले. गाद्या उचलल्या, फळ्या काढल्या, माझ्या मागे बॅटरीचा प्रकाश टाकला. लेबल तिथे नव्हतेच. ते घरात, पुस्तकांच्या तिसऱ्या फळीवर, कालव्यांच्या पोटात होते. मग तो कागद घेऊन लिहायला बसला. "प्रिय डगी, मी सगळीकडे शोधले," एवढे लिहून थांबला. पुढचे वाक्य एकच होते, आणि ते लिहिणे म्हणजे एका माणसाला तुझे डोके बिघडत चालले आहे असे हस्ताक्षरात कळवणे. त्याने कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. न कळवणे जास्त दयेचे आहे, असे त्याने स्वतःला समजावले असावे. पण संडरलंडमध्ये बसलेल्या माणसाला त्या न आलेल्या पत्रात उत्तर रोज वाचायला मिळत होते.

ऑड्री बसने भावाकडे जायची. परत आल्यावर कॅरव्हॅनच्या गाद्यांना ऊन देताना ती सांगायची, आणि मी ऐकायचो.

"डगीनं गाडी विकली. म्हणतो, आता चालवणं बरं नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?" नेव्हिल विचारायचा.

"डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं ठीक आहे. त्याचा विश्वास नाही. आईलाही ठीकच म्हणायचे, म्हणतो."

पुढच्या वर्षी तिने सांगितले, "हत्यारांची पेटी देऊन टाकली त्यानं. शेजारच्या पोराला."

आणि त्यानंतरच्या वर्षी, "गॅस बंद केलाय का ते दहादा बघतो. मी समोर बसून सांगते, डगी, बंद आहे. तो म्हणतो, तुला तसं वाटत असेल."

नेव्हिल गाद्या उचलून आत ठेवायचा. ती गेली की कपाट उघडायचा, पाकिटाकडे बघायचा आणि लावून टाकायचा.

आता मला थंडीपूर्वी तोच कोरडा करायचा. पुस्तिका गुडघ्यावर ठेवून, एकेक ओळ बोटाने धरून. शिट्टी आली तरी त्याचे समाधान व्हायचे नाही. बटण पुन्हा दाबायचा, पुन्हा कान लावायचा, दार लावून घरात जायचा आणि अर्ध्या तासाने परत यायचा. तिकडे एक म्हातारा गॅसपाशी, इकडे दुसरा माझ्यापाशी. दोघांच्या मधे ते लेबल. मला सगळे ठाऊक होते, आणि माझ्याजवळ फक्त गुरगुर आणि शिट्टी होती. त्याने कान लावला की मी जीव तोडून शिट्टी वाजवायचो. त्याला तिचा अर्थ कळायचा नाही.

अशी सहा वर्षे गेली, आणि या नोव्हेंबरात पुन्हा गायनमंडळ घरी भरले. आता सातच बायका उरल्या आहेत. नेव्हिल घोंगडी आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आला. माझ्या खोलीचे दार हिवाळ्यात हवा खेळावी म्हणून उघडेच ठेवतात, त्यामुळे मला तो दिसत होता. त्याच्या हातात जाड पुस्तक होते. कालव्यांचे. आता त्याला नवी पुस्तके झेपत नाहीत, तो जुनीच पुन्हा वाचतो.

त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली. मित्रांनो, दोनशे बारा पाने म्हणजे किती असतात हे मला त्या आठवड्यात कळले. तालीम तीन दिवस, रोज दुपारी होती. पहिल्या दुपारी तो सत्तराव्या पानावर थांबला, दुसऱ्या दुपारी डुलकी लागली. तिसऱ्या दुपारी, चारच्या सुमाराला, त्याने पान उलटले आणि त्याच्या मांडीवर काहीतरी पडले.

त्याने ते उचलले. चष्मा पुसला. पुन्हा वाचले. मग उठून माझ्याकडे आला, दांड्यापाशी गुडघे टेकले आणि दोरी दांड्याभोवती धरून पाहिली. तिचा वळलेला आकार अजून तसाच होता. मग तो माझ्या झाकणावर बसला. मला वाटते तेव्हा त्याला सगळे आठवले, एकेक करून: बारा बायका, जिना, नळ, जग. घरातून सात जणींचे गाणे येत होते.

तो कोट न घालताच बाहेर गेला. थोड्या वेळाने गाणे ओळीच्या मध्येच थांबले. सहा वर्षांपूर्वी ज्या खोलीतून चालत जायला तो लाजला होता, तिच्या मधोमध आज तो जाऊन उभा राहिला असणार. मग ऑड्री त्याच्यामागून कॅरव्हॅनमध्ये आली.

"दाखव."

त्याने दिले. तिने मोठ्याने वाचले. "कोरडा केला. सहा नोव्हेंबर दोन हजार दहा. मी सोडेपर्यंत कुणी सोडू नये. डी. रेन." ती खाली बसली. "कुठं होतं?"

"पुस्तकात. मीच ठेवलं. खूण म्हणून. तुमची तालीम होती, आणि मला जायचं होतं, आणि तुम्हा सगळ्यांमधून वर जायची लाज वाटली."

"लाज."

"हो. म्हणून इथे आलो. पाणीसुद्धा भरलं. नियमाप्रमाणे, नरसाळ्यातून."

ऑड्रीने लेबल उलटून पाहिले. "बारा बायका होतो आम्ही," ती म्हणाली. "त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नव्हतं, नेव्हिल, आणि उरलेल्यांच्या घरी नवरे होते. कुणी वरसुद्धा बघितलं नसतं."

"माहीत आहे."

"नाही, तुला माहीत नाही. गेल्या महिन्यात त्यानं मला विचारलं, ऑड्री, मी गोदीत खरंच कामाला होतो ना?"

नेव्हिलने डोळे मिटले.

"फोन कर त्याला," ती म्हणाली. "आत्ता."

"करीन. उद्या करीन. पण आधी पत्र. फोनवर मी काही सांगितलं तर उद्या सकाळी तो म्हणेल, हेही मला नुसतं आठवतंय. त्याच्या हातात काहीतरी पाहिजे, ऑड्री. त्याचं स्वतःचं अक्षर पाहिजे."

तिने लेबल त्याला परत दिले. "टपाल पावणेपाचला निघतं," असे म्हणून ती गेली. मग तिने त्याचा कोट घरातून आणून दारात ठेवला, पण आत आली नाही.

त्याने कपाट उघडले आणि या वेळी पाकीट बाहेर काढले. डगीचे पत्र समोर ठेवून तो लिहायला बसला. या खेपेला त्याने कागद फाडला नाही. लिहून झाल्यावर, जुन्या सवयीने, हलक्या आवाजात एकदा वाचून पाहिले.

"डगी, लेबल सापडलं. सोबत पाठवतो आहे. तू बांधलं होतंस, मी सोडलं. पाणीही मीच भरलं, आणि विसरलो. तुला आठवत होतं ते सगळं खरं होतं, पेन्सिलीच्या टोकासकट. लाकडावर तुझ्या दातांच्या खुणा असलेली ती पेन्सिलसुद्धा शोध. तुझं पत्र मला मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, याला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही. त्या दिवशी आईंचं नाव काढलं, ते मला काढायला नको होतं. तू ये असं म्हणायचा हक्क मला नाही. पण पंप यंदाही मीच कोरडा केला आहे, आणि शिट्टी बरोबर आली की नाही ते मला अजून कळत नाही. नेव्हिल."

मित्रांनो, माझे मागणे फार थोडे आहे. थंडी पडायच्या आधी आमच्या पोटात थेंबही राहू देऊ नका. झडप उघडी ठेवा, रबराला तेल लावा, पंप शिट्टी वाजवेपर्यंत कंटाळू नका. आणि कुणी आपले नाव लिहून काही बांधून ठेवले असेल, तर ते सोडण्याआधी त्याला विचारा. तो आत असू शकतो. डगी सहा वर्षे आतच होता.

आमच्या पुढच्या खिडकीतून रस्त्यापलीकडच्या भिंतीतली लाल टपालपेटी दिसते. दिवस कलला होता आणि दहिवर पडायला सुरुवात झाली होती. नेव्हिल पाकीट छातीशी धरून, घसरू नये म्हणून पाऊल जपून टाकत रस्ता ओलांडून गेला. पेटीपाशी उभा राहून त्याने पाकिटावरून अंगठा फिरवला. आतल्या पुठ्ठ्याची कड त्याला लागत असावी. मग त्याने हात पेटीच्या फटीत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटले, आता तो पाकीट घेऊन परत येणार.

त्याने हात बाहेर काढला. हात रिकामा होता.